मान थरथरते, पण कुत्रा शुद्धीवर आहे

पाळलेल्या कुत्र्याची मान एकाएकी थरथरू लागली की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. तरुण बुलडॉग किंवा डॉबरमन दुपारचा निवांत पडलेला असतो, डोळे मिटत आलेले असतात, आणि अचानक त्याचे डोके नंदीबैलासारखे हलायला लागते. कधी वर-खाली, कधी डावीकडे-उजवीकडे, भराभर आणि एका लयीत. बाकीचे अंग शांत असते. कुत्रा आपल्याकडे बघतो, शेपटी हलवतो, हाक मारली तर उठून जवळही येतो. घाबरलेली असतात ती माणसे. कोणी म्हणते आकडी आली, कोणी म्हणते काहीतरी विषारी खाल्ले, आजी दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेते, आणि शेजारचे कोणीतरी हळूच रेबीजचे नाव काढते.

या लक्षणाबद्दल पशुवैद्यकाला आज बरेच काही माहीत आहे. ते मराठी घरांपर्यंत पोचलेले नाही, म्हणून दोन प्रकारची घाई होते. एक, फिट समजून मिरगीच्या गोळ्या सुरू करण्याची. दुसरी, मोबाइलवर तसाच एखादा व्हिडिओ पाहून ‘हे निरुपद्रवी असते’ असे ठरवून मोकळे होण्याची. आपल्याकडे दुसरी घाई पहिलीइतकीच महाग पडते असे माझे मत आहे. त्याचे कारण पुढे येईल.

आधी त्या निरुपद्रवी प्रकाराविषयी, कारण निरोगी तरुण कुत्र्यात फक्त डोके हलत असेल तर बहुधा तोच असतो. त्याचे नेमके कारण सापडलेले नाही, म्हणून त्याला अज्ञातहेतुक शिरकंप म्हणता येईल. इंग्लिश बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, बॉक्सर, डॉबरमन आणि लॅब्रेडॉर या जातींत तो जास्त दिसतो. मिश्र जातीच्या कुत्र्यांतही दिसतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा २९१ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यांत एक तृतीयांशाहून जास्त बुलडॉग होते. बहुतेकांना पहिला झटका वयाच्या चार वर्षांच्या आत आला होता. झटका चालू असताना जवळजवळ सगळेच कुत्रे शुद्धीवर होते, आणि बहुतेकांचे लक्ष दुसरीकडे वेधले की थरथर थांबत होती किंवा कमी होत होती. त्याआधी २०११ साली डॉबरमनच्या वंशावळी तपासून हा प्रकार त्या जातीत आनुवंशिक असल्याचे दाखवले गेले होते.

झटका काही सेकंदांचा असतो, कधी काही मिनिटे चालतो. एका दिवसात चार-पाच वेळा येऊन पुढे महिनाभर येत नाही, असेही होते. बहुतेकदा तो विश्रांतीत येतो. कुत्रा धावत, खेळत किंवा जेवत असताना सहसा येत नाही. काही कुत्र्यांत आजारपण, शस्त्रक्रिया, माजाचा काळ किंवा घरातली मोठी उलथापालथ यांच्या मागोमाग तो सुरू झाल्याचे दिसते, पण पुष्कळदा निमित्त सापडतच नाही. दोन झटक्यांच्या मधल्या काळात कुत्रा पूर्णपणे नेहमीसारखा असतो. एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्या निर्दोष येतात. अनेक कुत्र्यांत वयाबरोबर झटके विरळ होत जातात, काहींत थांबतात. या थरथरीने आयुष्य कमी होत नाही.

फिट किंवा आकडी याहून वेगळी ओळखता येते, आणि या साऱ्या विषयात मालकाने शिकायची पहिली गोष्ट हीच आहे. मोठ्या आकडीत कुत्रा आडवा पडतो, पाय ताठ होतात, मग ते सायकल चालवल्यासारखे हलतात, तोंडातून फेस येतो, लघवी-शी होते. थांबल्यावरही तो बराच वेळ भांबावलेला असतो, भिंतीला धडकतो, घरातल्यांना ओळखत नाही. छोट्या, एकाच भागापुरत्या आकडीत फक्त तोंडाची एक बाजू किंवा एक पाय फडफडतो, आणि तिथे गल्लत होऊ शकते. अशा वेळी नाव घेऊन हाक मारावी, समोर भाकरीचा तुकडा किंवा उकडलेल्या चिकनचा घास धरावा. कुत्र्याने मान वळवून तो मागितला, खाल्ला, आणि खाताना थरथर थांबली, तर ती आकडी असण्याची शक्यता फार कमी. हाकेला काहीच प्रतिसाद नसेल तर तोंडात काहीही घालू नये. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि आपले बोट दातांत सापडू शकते. आकडीत कुत्रा जीभ गिळत नाही, म्हणून जीभ ओढायची गरज नसते. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने कुत्र्याची आकडी थांबत नाही. जवळ गेलेल्या नाकाला आणि हाताला इजा मात्र होते. आजूबाजूचे टेबल-खुर्ची बाजूला करावे, दिवा आणि आवाज कमी करावा, घड्याळ बघावे. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा चोवीस तासांत एकाहून जास्त वेळा आली, तर थेट दवाखाना गाठावा, रात्र असली तरी.

डोके झटकणे हा आणखी निराळाच प्रकार. कान फडफडवत कुत्रा जोरात डोके झाडतो, पंज्याने कान खाजवतो, कानाला वास येतो. पावसाळ्यात लांब कानांच्या कुत्र्यांत बुरशीने आणि गोचिडीने हे घरोघरी होते. कान तपासून औषध घातले की प्रश्न मिटतो. मात्र फार झटकल्याने कानाच्या पाळीत रक्त साकळले तर ती वेगळी दुखापत होऊन बसते, म्हणून टाळाटाळ नको.

आता दुसऱ्या घाईकडे येतो. शिरकंपावरचे बरेचसे आश्वासक लेखन अशा देशांतून येते, जिथे बहुतेक पाळीव कुत्र्यांचे लसीकरण झालेले असते. आपल्याकडे तसे नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या कुत्र्याचे डोके, जबडा किंवा कानशिलाचा स्नायू लयीत उडू लागला, तर पहिला प्रश्न डिस्टेंपरचा विचारला पाहिजे. हा विषाणू कुत्र्यांत श्वासावाटे पसरतो. आधी ताप येतो, नाका-डोळ्यांतून चिकट स्राव येतो, खोकला, उलट्या, जुलाब होतात. कधी पंजाची गादी आणि नाकाचा शेंडा कडक होतो. घरच्यांना वाटते पिल्लू यातून उठले. मग काही आठवड्यांनी विषाणू मेंदूत आणि मज्जारज्जूत आपले काम दाखवतो, आणि एका पायाचा, जबड्याचा किंवा डोक्याचा स्नायू ठरावीक अंतराने उडायला लागतो. हे उडणे शिरकंपासारखे येऊन-जाऊन नसते. तासन्‌तास चालते, घास दाखवला तरी थांबत नाही, आणि पुष्कळदा झोपेतही चालूच राहते. जबडा चघळल्यासारखा हलत हलत तोंडाला फेस येण्याचे झटकेही याच रोगात येतात. झोपेत थांबते की नाही हे बघण्यासाठी खर्च लागत नाही, आणि डॉक्टरांना त्या एका निरीक्षणाचा मोठा उपयोग होतो.

डिस्टेंपरवर थेट औषध नाही. अंगात पाणी टिकवणे, दुय्यम जंतुसंसर्ग रोखणे, आकड्या आटोक्यात ठेवणे एवढेच हाती असते, आणि मेंदूपर्यंत गेलेल्या रोगात पुष्कळ कुत्री दगावतात. वाचलेल्या काहींचे स्नायू जन्मभर उडत राहतात, तरी ती खातात, फिरतात, माणसांवर माया करतात. रस्त्यावरच्या अशा कुत्र्याला ‘वेडा झाला’ म्हणून दगड मारले जातात, तेव्हा फार वाईट वाटते, कारण त्याचा रोग कधीच मागे पडलेला असतो, उरलेली असते ती फक्त खूण. हा विषाणू माणसाला होत नाही. वन्य प्राण्यांना मात्र होतो. २०१८ साली गीरच्या जंगलात सिंह मेले, तेव्हा त्यांच्या नमुन्यांत तो सापडला होता. यावर लस आहे आणि ती चांगले काम करते. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत पुढच्या, आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तशा बूस्टर. एक डोस घेऊन ‘लस झाली’ म्हणणारी घरे पुष्कळ आहेत. ती पुरेशी नसते, हे दवाखान्यातच ठासून सांगायला हवे.

रेबीजची शंका आली तर ती हसण्यावारी नेऊ नये. रेबीजमध्ये वागणे बदलते, आवाज घोगरा होतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात, आणि लक्षणे दिसू लागल्यावर बहुधा दहा दिवसांच्या आत कुत्रा मरतो. महिनोन्‌महिने येणारी-जाणारी आणि मधल्या काळात कुत्र्याला ठणठणीत ठेवणारी थरथर म्हणजे रेबीज नव्हे. पण लस न झालेला कुत्रा अचानक विचित्र वागू लागला, तर त्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नये. चावला किंवा जखमेला लाळ लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यायला जावे.

गोचीड तापाचाही विचार डॉक्टर करतील. एर्लिकिया नावाचे जंतू मुख्यतः रक्तावर हल्ला करतात, पण मेंदूच्या आवरणाला सूज आणून कधी थरथर आणि तोल जाणेही घडवतात. रक्ततपासणीत प्लेटलेट कमी सापडल्या की संशय बळावतो; डॉक्सिसायक्लिनने बहुतेक कुत्री बरी होतात. गोचिडी मारण्याच्या औषधांचीही दुसरी बाजू आहे. महिन्यातून एकदा किंवा तीन महिन्यांनी द्यायच्या, चघळण्याच्या गोळ्यांचा जो नवा गट आहे, त्यामुळे काही कुत्र्यांत थरथर, अडखळणे आणि आकड्या येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. बहुसंख्य कुत्र्यांना त्या गोळ्या सोसतात आणि गोचीड ताप टाळण्यात त्यांचा फायदा मोठा आहे. पण थरथर सुरू झाली, तर शेवटची गोळी कधी दिली ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. कोली आणि तिच्या जवळच्या जातींना आयव्हरमेक्टिन जास्त मात्रेत दिले तर ते मेंदूत शिरून विषासारखे काम करते. त्यामागचा जनुकीय दोष २००१ मध्ये सापडला. जनावरांसाठी आणलेले इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचण्याची सवय गावोगाव आहे. ती सोडावी.

विषबाधेत थरथर सहसा डोक्यापुरती राहत नाही. सगळे अंग कापते, लाळ सुटते, उलट्या होतात, अंग तापते. फवारणीचे कीटकनाशक, उंदराचे औषध, चॉकलेट, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगगम आणि गोड पदार्थ, आणि ज्याचा कोणी विचार करत नाही असा बुरशी आलेला पाव किंवा कचराकुंडीतले शिळे अन्न, ही नेहमीची कारणे. शेताजवळच्या घरात फवारणीच्या दिवसांत कुत्रा बांधून ठेवावा आणि डबे-बाटल्या उंच ठेवाव्यात. विष पोटात गेल्याचा संशय असेल तर घरी मिठाचे पाणी किंवा दूध पाजत बसू नये. डबा किंवा वेष्टण सोबत घेऊन निघावे.

पिल्ले पाजणाऱ्या कुत्रीची थरथर ही तर अगदी तातडीची बाब आहे. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत, विण्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत, दुधावाटे कॅल्शियम इतके निघून जाते की कुत्री धापा टाकते, ताठ चालते, सगळ्या अंगाला कंप सुटतो, ताप चढतो. काही तासांत ती दगावू शकते. दवाखान्यात शिरेतून, हृदयाचे ठोके ऐकत, सावकाश कॅल्शियम दिले की ती डोळ्यांदेखत सावरते. कुत्री गाभण असताना मायेपोटी कॅल्शियमचे सिरप भरपूर पाजणारे खूप आहेत. त्याने हा धोका उलट वाढतो, कारण हाडांतून कॅल्शियम काढून घेण्याची शरीराची सवय मंदावते. छोट्या जातींची पिल्ले फार वेळ उपाशी राहिली तर साखर उतरूनही थरथरतात. ती शुद्धीवर असतील तर हिरड्यांना मध चोळून दवाखान्यात न्यावे.

आणखी काही कारणांचा फक्त उल्लेख पुरे. भांड्याकडे तोंड नेताना डोके जास्तच हलत असेल तर छोट्या मेंदूचा दोष असू शकतो. माल्टीजसारख्या लहान पांढऱ्या कुत्र्यांत सगळ्या अंगाचा एक कंप येतो, तो स्टेरॉइडने चांगला आटोक्यात येतो. म्हातारा कुत्रा मान एका बाजूला कलंडवून, डोळे भिरभिरवत पडला, तर कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि पुष्कळदा तो काही दिवसांत आपोआप ओसरतो. यकृत-मूत्रपिंडाचे विकार आणि मानेचे दुखणे हेही यादीत असतातच.

इतकी कारणे वाचून घाबरायला नको, कारण त्यांतली बहुतेक साध्या तपासणीत वेगळी काढता येतात. सगळ्यांत उपयोगी पुरावा मालकाच्या खिशात असतो. कुत्रा दवाखान्यात पोचेपर्यंत थरथर थांबलेली असते आणि डॉक्टरांसमोर तो टणाटण उड्या मारतो. म्हणून मोबाइल आडवा धरून व्हिडिओ घ्यावा. आधी पूर्ण अंग दिसू द्यावे, मग जवळ जाऊन डोळे. मध्येच नाव घेऊन हाक मारावी आणि घास दाखवावा, म्हणजे प्रतिसाद चित्रात येतो. सोबत एका वहीत तारीख, वेळ, किती टिकले, आधी काय चालले होते, काय खाल्ले होते, कोणते औषध चालू आहे, एवढे लिहावे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गायी-म्हशींचा अनुभव दांडगा असतो, कुत्र्यांच्या मेंदूविकारांचा तितका नसणे स्वाभाविक आहे. पण असा व्हिडिओ असेल तर तिथलेच डॉक्टर तो पाहून पुढचा सल्ला घेऊ शकतात. राज्यात पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. मुंबईचे परळचे १८८६ पासून चालू आहे, शिरवळ आणि नागपूरलाही आहेत. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले.

एमआरआय लगेच करावा का? तरुण बुलडॉग, ठरावीक थरथर, शुद्धीवर, घास दिला की थांबणारी, तपासणी आणि रक्त ठीक, अशी परिस्थिती असेल तर माझ्या मते नाही. एमआरआयसाठी भूल द्यावी लागते, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांना भुलीचा धोका इतरांहून जास्त असतो. मात्र झटक्यांच्या मधल्या काळातही कुत्रा गोल फिरत असेल, मान कलती ठेवत असेल, पायांत जोर नसेल, स्वभाव बदलला असेल, किंवा पहिलाच झटका उतारवयात आला असेल, तर खर्च करून तो करावा.

औषधांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. मिरगीसाठी वापरले जाणारे फेनोबार्बिटोन या शिरकंपावर फारसे काम करत नाही. ते दिल्याने कुत्रा गुंगतो, तहान-भूक वाढते, वजन वाढते, यकृतावर ताण येतो, आणि एकदा सुरू केल्यावर एकाएकी बंद करता येत नाही, नाहीतर खऱ्या आकड्या येऊ शकतात. म्हणून ‘बघू तर देऊन’ या न्यायाने ते सुरू करू नये. आणि ज्या कुत्र्याला खरोखर मिरगी आहे आणि डॉक्टरांनी ते लावले आहे, त्याच्या मालकाने हा परिच्छेद वाचून एकही गोळी चुकवू नये.

निदान झाल्यावर उरते ते रोजचे जगणे, आणि त्यात जास्त आधार लागतो तो माणसांना. झटका आला की सगळ्यांनी गोळा होऊन ओरडू नये. आपली घाबरगुंडी कुत्र्याला ताबडतोब कळते. एकाने शांत आवाजात हाक मारावी, उठवून चार पावले चालवावे, छोटा घास द्यावा. प्रत्येक झटक्याला मोठा खाऊ दिला तर बुलडॉगचे वजन वाढते, आणि ते दुखणे थरथरीहून खरे असते. काही करायचे नसेल तर नुसते जवळ बसले तरी चालते, झटका आपोआप जातो. लहान मुलांना सांगावे की याला दुखत नाही. घरी येणारी मावशी, सोसायटीचा वॉचमन, कुत्र्याला फिरवणारा मुलगा यांनाही आधीच व्हिडिओ दाखवून ठेवावा, म्हणजे त्यांच्यासमोर झाले तर कोणी पाणी ओतणार नाही की काठी उगारणार नाही. रात्री पुन्हा पुन्हा उठून कुत्र्याची मान बघणारे मालक असतात. त्यांची काळजी मी समजू शकतो. वहीतल्या नोंदी दोन-तीन महिन्यांनी उघडून बघितल्या की त्यांनाही धीर येतो.

एक गोष्ट मात्र थरथर सुरू होण्याआधीची आहे. हा प्रकार काही जातींत वंशातून उतरतो. भारताने २०१६ मध्ये व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्र्यांच्या आयातीवर निर्बंध घातले. त्यामुळे इथले बुलडॉग आणि डॉबरमन बहुधा इथल्याच मर्यादित घराण्यांतून येतात. त्याच त्या नात्यांत पुन्हा पुन्हा जुगवले की अशा खोडी पक्क्या होतात. २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लू घ्यायला जाल तेव्हा नोंदणी विचारा, आई-बाप प्रत्यक्ष बघा, त्यांच्यापैकी कोणाची किंवा त्यांच्या आधीच्या पिल्लांची मान थरथरते का हे स्पष्ट विचारा, आणि उत्तर देताना माणूस चाचरला तर ते पिल्लू घेऊ नका. तुमच्या घरच्या कुत्र्याला शिरकंप असेल तर त्याच्यावर भरभरून प्रेम करा, पण त्याची पिल्ले होऊ देऊ नका. आणि आज घरी गेल्यावर कुत्र्याचे लसीचे कार्ड काढून डिस्टेंपर आणि रेबीजच्या पुढच्या तारखा बघा. त्या उलटून गेल्या असतील तर उद्याच दवाखान्यात जा.